मांडवाचे डहाळे

माझ्या भाचीचा जन्म मार्च २०२३ मधला. बाळ-बाळंतीण सुखरूप, वजन चांगलं, रडणं खणखणीत. दुपट्यातून डावा हात बाहेर काढला तेव्हा नर्सबाईंनी आधी वहिनीकडं पाहिलं आणि मग दाराकडं, आम्ही उभे होतो तिकडं. मधलं बोट आणि अनामिका एकाच कातडीत होती. टोकाला दोन नखं वेगळी, त्याखाली मात्र सगळं एक.

त्या दिवसापासून घरात एक वाक्य फिरायला लागलं. ‘ग्रहणात सुई धरली होती.’

ते ग्रहण मलाही आठवतं. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. सूर्य ग्रासलेलाच मावळला होता. वहिनीला पाचवा महिना. दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्र आलेली, आणि तिच्या ब्लाउजचा हूक निघालेला. आतल्या खोलीत बसून तिनं चार टाके घातले, एवढंच. आज्जीनं ते पाहिलं, तेव्हा काही बोलली नाही. पाच महिन्यांनी बोलली. ग्रहणात गर्भारशीनं चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो आणि शिवलं तर बोटं शिवली जातात, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. ते माहीतच असतं.

वहिनीनं एकदाही वाद घातला नाही. तिनं फक्त झबल्यांच्या बाह्या लांब शिवल्या. कुणी बाळ बघायला आलं की ती डावी मूठ आपल्या मुठीत धरून बसायची. तिचं ते बसणं मला सहन व्हायचं नाही, आणि त्याला एक कारण होतं. सोलापुरात परत येऊन कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागण्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पाच वर्षं हेच पाहत होते: पेशी ठरवून कशा मरतात. भाचीच्या हातात जे घडायचं राहून गेलं होतं, नेमकं तेच.

आईच्या पोटात हात आधी हातासारखा नसतोच. वल्ह्याच्या टोकासारखी एक चपटी पाकळी असते. तिच्यात बोटांची हाडं आखली जातात आणि मग दोन बोटांमधल्या पेशी मरतात. त्या मेल्या की बोटं सुटतात. बोटं बाहेर उगवून येत नाहीत, मूर्तिकार नको तो दगड काढून टाकतो तशी ती मोकळी होतात. बदकाच्या पायात हे मरण अडवलं जातं. तिथं ग्रेमलिन नावाचं एक प्रथिन ‘मरा’ हा निरोपच पोचू देत नाही, म्हणून पडदा राहतो. थंडीत हिप्परग्याच्या तलावावर उतरणारी बदकं त्या न मेलेल्या पेशींच्या जोरावर पोहतात. माझ्या भाचीच्या दोन बोटांमधल्या पेशीही तशाच मागं राहिल्या.

माणसात हे सगळं गर्भाच्या आठव्या आठवड्याअखेर आटोपतं. म्हणून एका दुपारी मी खिळ्याला मागंच लटकलेलं २०२२ चं कॅलेंडर काढलं. त्यावर सिलिंडर आल्याच्या तारखा, दुधाचे खाडे, आणि जूनच्या एका चौकोनात वहिनीनं स्वतः केलेली बारीक फुली. आज्जीसमोर बसून मी बोटानं आठवडे मोजले. बोटं सुटायची ती ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत. ग्रहण आलं तेव्हा त्या गोष्टीला अडीच महिने उलटून गेले होते. जे घडायचं किंवा राहायचं ते केव्हाच ठरलं होतं.

आज्जीनं कॅलेंडर जवळ ओढून घेतलं. २ ऑगस्टच्या चौकोनावर बोट ठेवलं. नागपंचमी.

“मग पंचमीला चिरलं असंल तिनं,” ती म्हणाली.

नागपंचमीला चिरू नये, तळू नये, तवा ठेवू नये. मी तिच्या हातून एक तारीख काढून घेतली होती आणि स्वतःच दुसरी दिली होती. वहिनी उठून आत गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तारीख बदलल्यानं दोष फक्त जागा बदलतो, हे मला इतक्या उशिरा कळावं याची लाज वाटत होती. आज्जीच्या लेखी ते मरायचं राहून जाणं ही बाहेरून झालेली इजा होती, आणि इजा म्हटली की ती कुणीतरी केलेली असणार. पेशी स्वतःहून, स्वतःच्या आतल्या व्यवस्थेनं मरते, हे तिला मी दाखवलंच नव्हतं. ते मी स्वतः शिकले तेव्हा मलाही बघितल्याशिवाय पटलं नव्हतं.

पुण्यात सुरुवातीची दोन वर्षं मी पेशी वाटायचे. वाटायचे हा शब्द अगदी बरोबर आहे. लाखो पेशींना औषध द्यायचं, दर तासाला एक बशी उचलायची, तिच्यातल्या पेशी फोडून एकत्र घोळ करायचा आणि त्यात मरणाची प्रथिनं किती आहेत ते पट्टीच्या काळेपणावरून मोजायचं. पहिल्या तासाला पट्टी फिकट, चौथ्याला करडी, आठव्याला काळी. मी वहीत लिहिलं: पेशी हळूहळू मरतात. गाईडसरांनी त्या ‘हळूहळू’खाली पेनानं रेघ मारली आणि विचारलं, “हे कुणी पाहिलंय?”

कुणीच पाहिलं नव्हतं. लाखांची सरासरी पाहिली होती. आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. महिन्याच्या पाण्याला तीसनं भागून ‘रोज इतके लिटर’ असा आकडा काढता येईल, गणित चुकणार नाही, पण त्या आकड्यात कोरडा नळ नाही, पाण्याच्या दिवशीची पहाटे चारची धावपळ नाही, भरून ठेवलेली पिंपं नाहीत. पट्टीवरचा तो करडा रंग तसा होता. अर्ध्या मेलेल्या पेशींचा तो रंग नव्हताच. काही पूर्ण मेलेल्या आणि काही ठणठणीत पेशी एकत्र वाटल्यावर आलेला तो रंग होता.

एकेक पेशी बघायची तर तिला एका जागी बसवायला हवं. साध्या बशीत हे जमत नाही. मरणारी पेशी आक्रसते, तळ सोडते, तरंगत निघून जाते. औषध बदलताना धुतलं की आपल्याला जी बघायची असते तीच पहिली वाहून जाते. यासाठी मायक्रोफ्लुइडिक चिप. नाव मोठं आहे, वस्तू हातभर लांबसुद्धा नाही, बिस्किटाएवढी. पीडीएमएस नावाचं सिलिकॉनचं रबर काकवीसारखं दाट असतं. त्याचे दहा भाग आणि घट्ट करणाऱ्या रसायनाचा एक भाग घोटायचा. घोटताना हवा शिरते, म्हणून निर्वात भांड्यात ठेवून बुडबुडे काढायचे. साच्यावर ओतायचं, सत्तर अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास. सोलून काढलं की काचेसारखी आरपार वडी हातात येते आणि तिच्या पोटात साच्यावरच्या नक्षीचे चर उमटलेले असतात. प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, यंत्रातून काढून ती काचपट्टीवर टेकवली की दोन्ही कायमची जुळतात आणि चरांच्या नळ्या होतात. या पद्धतीचा पाया १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला. आधी सिलिकॉनच्या चकत्यांवर महागडी कोरणी करावी लागायची. नंतर साचा एकदा केला की चिपा कितीही.

माझी नळी शंभर मायक्रोमीटर रुंद, पन्नास उंच, एक सेंटिमीटर लांब होती. म्हणजे केसापेक्षा थोडी जाड. औषधाच्या एका थेंबात अशा हजारेक नळ्या भरतील. पाणी मोजून वापरायची सवय असलेल्या गावातल्या मुलीला ही कंजुषी फार आवडली. रुग्णाच्या शरीरातून सुईनं काढलेल्या चिमूटभर पेशींवर चार औषधं तपासायची असतील तर एवढ्याशा जागेतच ते शक्य आहे. या दिशेनं जगभर बरंच काम चालू आहे आणि ते व्हायला हवं.

नळीत दर काही अंतरावर मी कोनाडे केले होते. अर्धवर्तुळाकार, मागं बारीक फट असलेले. वाहत आलेली पेशी कोनाड्यात बसली की ती फट बुजते, तिथला प्रवाह थांबतो आणि मागून येणारी पेशी वळसा घालून पुढच्या कोनाड्याकडं जाते. एक कोनाडा, एक पेशी. जुन्या वाड्यातल्या भिंतीत पणत्या ठेवल्यासारख्या त्या रांगेनं दिसायच्या.

बाबा यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मी सुट्टीला घरी आले की त्यांना हे सगळं कागदावर काढून दाखवायचे. एवढ्या अरुंद नळीत पाणी घुसळत नाही, दोन रंगांचे प्रवाह सोडले तर ते शेजारी-शेजारी सरळ जातात, मिसळतात ते फक्त कडेकडेनं, झिरपून; हे ऐकून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. “ताण्यात लाल-पिवळा धागा जवळजवळ जातोच की,” म्हणाले, “मिसळला तर चादर कशी होईल?” मला मात्र पहिल्यांदा ते दोन प्रवाह दिसले तेव्हा अंगावर काटा आला होता. त्यामुळंच एकाच चिपवर एका कडेच्या पेशींना औषध आणि दुसऱ्या कडेच्यांना साधं पोषणद्रव्य देता येतं.

हे साधं पोषणद्रव्य फार मोलाचं. कारण चिपमध्ये पेशीला मारणारे पुष्कळ असतात. प्रवाह जोरात झाला तर त्याचं घासणं मारतं. द्रव आटला तर खारेपणा मारतो. दिव्याचा प्रकाश जास्त झाला तर तो मारतो. काही औषधं तर पीडीएमएसच शोषून घेतं, मग पेशीपर्यंत किती पोचलं ते कळत नाही. आणि बुडबुडा! टाचणीच्या टोकाहून लहान बुडबुडा नळीतून सरकत गेला की वाटेतल्या पेशींचं आवरण ओरबाडून नेतो. सोळा तासांच्या प्रयोगात चौदाव्या तासाला बुडबुडा आल्यावर मी जिन्यात बसून रडले आहे. औषधाशिवायच्या पेशी सुखरूप असतील तरच पलीकडचं मरण औषधाचं. मरण कुणामुळं आलं हे विचारायच्या आधी इतकी तपासणी करायची शिस्त मला त्या खोलीनं लावली. म्हणूनच चार टाक्यांवर ठेवलेला दोष मला इतका लागला.

पेशी वापरल्या त्या ‘हिला’ (HeLa) नावाच्या. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या कर्कगाठीतून त्यांना न विचारता घेतलेल्या. त्या त्याच वर्षी वारल्या. त्यांच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. चिप भरण्यापूर्वी मी मनात त्यांचं नाव घ्यायचे. औषध होतं स्टॉरोस्पोरिन, १९७७ साली जपानमध्ये मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. कॅमेरा दर पाच मिनिटांनी एक फोटो काढत होता. आणि मी पाहिलं.

कितीतरी तास काहीच होत नाही. पेशी कोनाड्यात बसून असते, शेजारणीसारखीच. मग अचानक तिच्या आत काहीतरी सुटतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणाला भोकं पडतात आणि सायटोक्रोम सी बाहेर सांडतं. हे तेच प्रथिन, जे एरवी पेशीच्या श्वसनात राबत असतं. जागेवर असलं की जगवतं, जागा सोडली की मरणाची चाकं फिरवतं. त्यानं कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात. ती बाहेरून येत नाहीत. पेशीत पहिल्यापासून म्यान करून ठेवलेली असतात. ती आतला सांगाडा मोजून-मापून कापतात, केंद्रकातला डीएनए तुकडे करून ठेवतात. पेशी आक्रसते, पृष्ठभागावर फुगे येतात. आवरणाच्या आतल्या बाजूचा एक स्निग्ध रेणू बाहेर तोंड करतो, आणि तो शेजारच्या पेशींना निरोप असतो: मला आवरून घ्या. अ‍ॅनेक्सिन नावाचं प्रथिन त्या रेणूला चिकटतं. त्याला हिरवा चकाकता रंग जोडला की निरोप डोळ्यांना दिसतो. इजा होऊन मरणारी पेशी वेगळी मरते. ती फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडून शेजारी जळजळ माजवते. ठरलेलं मरण शेजाऱ्याला त्रास देत नाही.

कुठली पेशी तिसऱ्या तासाला, कुठली अकराव्या. पण एकदा सायटोक्रोम सांडायला लागलं की पाचेक मिनिटांत ते पुरतं सांडून होतं, उशिरा मरणारीतही आणि लवकर मरणारीतही. २००० साली हे मोजून दाखवलं गेलं होतं. ‘हळूहळू’ काहीच नव्हतं. खूप लांब वाट पाहणं होतं आणि मग झटक्यात निर्णय. २००९ मधल्या एका कामात तर असं दिसलं की नुकत्याच विभागलेल्या दोन बहिणी-पेशी जवळजवळ एकदमच मरतात, आणि विभागून जितका वेळ गेला असेल तितक्या त्यांच्या वेळा एकमेकींपासून लांबत जातात. गुणसूत्रं तीच, औषध तेच. दोघींच्या पोटातली प्रथिनांची शिल्लक तेवढी वेगळी होत जाते. एका इवल्याशा कृमीत तर घडताना तयार होणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात, दर वेळी त्याच. या कामाला २००२ चं नोबेल मिळालं. भाचीच्या हातातल्या कोणत्या पेशींना निरोप पोचला नाही ते मला कधीच कळणार नव्हतं, पण तो निरोप आतला होता.

पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, पाण्याच्या दिवशी, मी लॅपटॉपवर माझी ती चित्रफीत बघत बसले होते. विद्यार्थ्यांना दाखवायची होती. बाहेर त्रेचाळीस अंश, पंखा गरम हवाच फिरवत होता. आज्जी चटई ओढून शेजारी येऊन बसली.

“काय बघलालीस गं एवढं?”

मी तिच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. सोळा तास चाळीस सेकंदांत. कोनाड्यातली एक पेशी थरथरली, आक्रसली, तिच्या अंगावर फुगे उठले. “अगं, लाह्या फुटल्यागत,” आज्जी म्हणाली. पंचमीला कढईत ज्वारी हलवणारे हात तिचे. मी सांगितलं, हे मरण आहे. बाहेरून कुणी कापत नाही, पेशी स्वतः आवरून घेते. याला नाव दिलं १९७२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला एकत्र काम केलेल्या केर, वायली आणि करी या तिघांनी. तिथल्याच एका ग्रीकच्या प्राध्यापकांनी शब्द सुचवला, अ‍ॅपॉप्टोसिस. म्हणजे पानं गळणं.

आज्जी बराच वेळ गप्प होती. दारासमोर शेजारच्या लग्नाचा मांडव अजून उतरवायचा होता. त्याच्या खांबांना बांधलेले आंब्याचे डहाळे वाळून तपकिरी झाले होते.

“तोडलेल्या डहाळ्याची पानं गळत न्हाईत,” ती म्हणाली. “वाळून कोळ होतात, पण धरून असतात. गळायला झाड जितं लागतं.”

मी तिच्याकडं बघतच राहिले. पाच वर्षांत मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. देठाच्या बुडाशी झाड एक पातळ थर तयार करतं, पानातलं कामाचं ते परत ओढून घेतं, मग देठ सोडतं. तोडलेल्या फांदीला ते काम करायला जीवच नसतो. वनस्पतिशास्त्रात हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. माझ्या भाचीच्या बोटांपर्यंत ते मला आणता आलं नव्हतं.

“म्हंजे पोरीच्या हातानंच सोडायचं होतं,” आज्जी मांडवाकडं बघत म्हणाली. “थोडं ऱ्हायलं. मग सुईचं काय नाव घ्यायचं त्यात.”

आत नळ चालू होता. वहिनी पिंप भरत होती. नळ बंद झाल्याचा आवाज आला, आणि पाण्याच्या दिवशी आमच्या घरात भर पाण्यात नळ कुणी बंद करत नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.

सप्टेंबरात भाचीची शस्त्रक्रिया झाली, ती दीड वर्षाची असताना. डॉक्टरांनी आधी कागदाची सुरळी करून समजावलं: दोन बोटं मिळून जेवढी कातडी असते तेवढी ती वेगळी केल्यावर दोन्हींना पुरत नाही. म्हणून सरळ न कापता नागमोडी कापतात आणि कमी पडेल ती कातडी जांघेतून आणून लावतात. पेशी वेळेवर मरतात तेव्हा कातडी आपोआप पुरते. माणसाला ती उसनी आणावी लागते. टाके निघाले तेव्हा तिनं पहिलं काय केलं असेल तर ताटलीतला शेंगदाणा उचलला, त्याच दोन बोटांच्या चिमटीत, आणि पाडला, आणि पुन्हा उचलला. पुढच्या उन्हाळ्यात वहिनीनं तिचे सगळे फ्रॉक बिनबाह्यांचे शिवले.

आज्जी आता सत्त्याऐंशीची आहे. आजोबा जाऊन तिला पंचवीस वर्षं झाली, थोरले काकाही गेले. ती चित्रफीत ती अधूनमधून मागते. “ते लाह्याचं लाव की गं.” परवा तिनं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं खालच्या रांगेतला शेवटचा कोनाडा आहे. त्यातली पेशी सोळा तास तशीच बसून आहे. आजूबाजूच्या सगळ्या हिरव्या होऊन आटोपतात, ती नाही.

“ही का ऱ्हायली?”

मी सांगितलं, दर वेळी एखादी राहते. औषध सगळ्यांना तेवढंच मिळतं, तरी राहते. कर्करोगाच्या उपचारात हीच घोर लावते, आणि ही का राहते तेच बघायला आम्ही चिप बनवतो.

“मग पुढं काय झालं हिचं?”

सोळा तास झाल्यावर मी पंप बंद केला होता, कॅमेरा थांबवला होता, चिप जंतुनाशकात टाकली होती. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला खोलीवर जाऊन झोपायचं होतं. आज्जीचं बोट अजून त्या कोपऱ्यावरच होतं. मी चित्रफीत मागं नेली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.